अर्धं राहिलेलं दंडवत

औंढ्याच्या देवळात, नंदीसमोर, देवानं माझं दंडवत नाकारलं असं मला एकदा वाटलं होतं. पुष्कळ वर्षं झाली त्याला. मी ते कुणाला फारसं सांगत नाही, कारण ऐकणारा लगेच चमत्कार म्हणून हात जोडतो, नाहीतर योगायोग म्हणून हसतो. मला दोन्हीचा कंटाळा येतो. झालं ते बैजवार सांगते, पुढं ज्याचं त्यानं बघावं.

हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. माझं सासर हट्ट्याचं. पहिलं लेकरू दिवस भरायच्या आत पोटातच गेलं. मी मुळात नवससायास करणारी बाई नव्हते. कुणाच्या अंगात आलं की मला हसू फुटायचं आणि माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, माझ्याकडं डोळे वटारून बघायच्या. पण पहिलं लेकरू गेल्यावर माझा सगळा ताठा उतरला. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी औंढ्याच्या नागनाथाला बोलून बसले, की हे लेकरू जितंजागतं मांडीवर दे, मी तुझ्या देवळाला दंडवत घालत पुरी फेरी करीन. गौरा झाली, खणखणीत रडली, आणि मला वाटलं आता सगळं बराबर होणार.

झालं भलतंच. बाळंतपणानंतर पायाची सूज उतरायच्या ऐवजी चढत गेली. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, बाळंतसूज हाय, जाईल आपोआप. आत्याबाईंनी बाजेखाली शेगडी ठेवली, डिंकाचे लाडू केले, काही म्हणून कमी पडू दिलं नाही. पण मला त्या बाजेवर आडवंच होता येईना. पाठ टेकली की छातीवर कुणी बसल्यागत व्हायचं, खोकल्याची उबळ यायची. उठून बसलं की थोडं बरं. मग मी भिंतीला गोधडीची वळकटी लावून बसूनच डोळा लावायची. आत्याबाई म्हणायच्या, "काहून बसून राहिली? बाळंतिणीनं पाठ टेकावं, न्हाईतर जन्माची कंबर धरती." मी म्हणायची, "पाठ टेकली की जीव जाऊन राहिला माझा, कंबरेचं काय घेऊन बसलात!" त्यांना वाटायचं, सून तोंडाळ आहेच, आता नखरेही करायला लागली. दवाखान्यात रक्त वाढायच्या गोळ्या मिळाल्या, त्या घेतल्या. फरक पडला नाही.

मग माझ्याच डोक्यात शिरलं की नवस राहिलाय म्हणून हे होऊन राहिलं. बोललेलं फेडलं नाही तर देव दिलेलं परत नेतो, असं कुणीतरी बोलून गेलं आणि ते माझ्या काळजात रुतून बसलं. मला स्वतःच्या जिवाची भीती नव्हती असं म्हणणार नाही, होती. पण गौराला साधी शिंक आली तरी मी रात्रभर तिच्या उशाशी बसून राहायची. पोर मान धरायला लागली तसा मी धोशा लावला, मला औंढ्याला न्या. हट्ट्याची सून, हट्ट धरल्यावर सोडते कुठली. मालक हळद घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यावर गेले होते. मी, आत्याबाई आणि गौरा, अशा आम्ही सकाळच्या जीपनं निघालो. जीपमधून उतरून देवळात जाईपर्यंतच मी दोनदा ओट्यावर टेकले.

आमच्या औंढ्याला नंदी देवळाच्या पाठीमागं आहे. एका भक्ताला लोकांनी पुढून हाकललं, तो मागं जाऊन देवाला आळवत बसला, तर देवळानंच त्याच्याकडं तोंड फिरवलं आणि नंदी तेवढा मागं राहिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्या नंदीपासून मी सुरुवात केली. दगड अजून तापला नव्हता. पहिलं दंडवत घातलं, कपाळ टेकलं, आणि छातीत पाणी भरल्यागत घुसमट झाली. धडपडत उठले. परत पडले, परत तेच. पुढच्या खेपेला मी गुडघ्यावरून पुढं झुकूच शकले नाही.

गौराला कडेवर घेऊन आत्याबाई शेजारून चालत होत्या. "काहून थांबलीस?"

"दम पुरंना."

"देवाच्या दारात दम पुरंना म्हंजे काय? मन लाव."

मन लावलं. डोळे मिटून, दात आवळून परत खाली गेले आणि खोकत उठले. मला देवाचा इतका राग आला! दुसऱ्यासाठी अख्खं देऊळ फिरवलंस आणि मला तुझ्यापुढं पडूही देईनास? मी नंदीला पाठ टेकून धापा टाकत बसले आणि मनातल्या मनात देवाशी भांडू लागले. मी नको असेन तर नको, पण माझ्यावरचा राग लेकरावर काढू नको, एवढंच म्हणत होते.

तेवढ्यात एक पोरगेलीशी बाई येऊन माझ्याशेजारी उकिडवी बसली. पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, कपाळ मोकळं. म्हणाली, "ताई, थकलात म्हणून थांबलात, की आडवं झालं की श्वास अडतो?"

असं तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

"रात्री किती उशा घेता?"

"उशा कुठल्या? भिंत घेते."

ती हसली नाही. माझ्या नडगीवर अंगठा दाबून खड्ड्याकडं बघत राहिली, मग माझ्या मानेकडं. गौरा केवढी आहे ते विचारलं. मग सांगितलं, की ती नांदेडला डॉक्टर आहे आणि बाळंतपणानं ज्यांचं हृदय थकतं अशा बायांचाच अभ्यास करते. गावोगाव शोधत फिरते, पण अशा बाया हाती लागत नाहीत, कारण घरचे सूज बाळंतपणाचीच समजतात. त्या दिवशी ती सेनगावकडं निघाली होती. औंढ्यात जीप पंक्चर झाली, ड्रायव्हर चाक घेऊन गेला, म्हणून सावलीला देवळात शिरली. ती दर्शनाला आलीच नव्हती, हेही तिनंच सांगितलं.

"आजच्या आज नांदेडला चला. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक सावराल. आता मात्र एकही दंडवत घालायचं नाही."

"फेरी पुरी झाल्याबिगर मी उठणार न्हाई," मी म्हटलं. "अर्धा नवस टाकून आले आन् पोरीला काही झालं, तर तुमी देणार हाव का मला परत?"

ती आत्याबाईंकडं बघू लागली. मला वाटलं, आता आत्याबाई आम्हा दोघींनाही बोल लावणार. पण आत्याबाई माझ्या पायावरच्या त्या खड्ड्याकडं बघत होत्या. मग त्यांनी गौराला माझ्या मांडीत दिलं, पदर कमरेला खोचला, आणि मी थांबले होते बरोबर तिथं जाऊन दगडावर आडव्या झाल्या.

"नागनाथा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सुनेचं राहिलेलं मी घालते. घर एकच हाय आमचं. पोरीला हात लावू नको." आणि मान वर न करता मला, "जाय तू. डाक्टरीण म्हणती तसं कर."

मी उठले. चाक बसवून जीप दारात आली तेव्हा गौराला छातीशी धरून बसले. मागं वळून बघितलं तर त्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या बाईचं लुगडं देवळाच्या कडेनं उठत होतं, पडत होतं. मी वाटभर रडले आणि रडल्यानं आणखीच दम लागला.

नांदेडला छातीवर यंत्र फिरवलं तेव्हा पडद्यावर माझं काळीज दिसलं. कसंबसं हलत होतं. डॉक्टर आपसात हळू बोलत होते आणि मी त्यांचे चेहरे वाचत होते. पाणी उतरवायच्या गोळ्या आणि सुया सुरू झाल्या, मीठ बंद झालं, लाडूही बंद झाले. आत्याबाई मागून एसटीनं आल्या, गुडघे सोललेले.

"फेरी झाली?" मी विचारलं.

"झाली."

"मधी थांबलात?"

"थांबले की. म्हातारी हाय मी. देव काय पळून चालला व्हय?"

त्यापुढचे दिवस वाईट गेले. श्वास कधी सुटेल याचा भरवसा नव्हता आणि बाहेरच्या ओसरीत गौरा रडली की माझा जीव तिकडं ओढायचा. मग एका सकाळी जाग आली तर मी आडवी होते. भिंत नाही, वळकटी नाही. उशीवरून कधी घसरले ते कळलंच नव्हतं. मी हाक मारून आत्याबाईंना दाखवलं, आणि त्या बाईनं तोंडाला पदर लावला.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता आणखी बाळंतपण नको, हृदय पुन्हा सोसणार नाही. वंशाला दिवा पाहिजे म्हणणारे भावकीत होतेच. त्यांची तोंडं आत्याबाईंनी बंद केली. पुढं कितीतरी वर्षं मी तपासणीला जात राहिले. माझ्यासारख्या आणखी बाया तिथं भेटायच्या. आज गल्लीत कुणी बाळंत झालं की मी आधी तिला विचारते, पाठ टेकून झोप येती का गं? लोक हसतात, हसू द्या.

देव होता की पंक्चर होतं, मला ठाऊक नाही. बोललेलं पुरं करणं म्हणजेच शरण जाणं, असं मी धरून बसले होते. त्या दिवशी अर्धं टाकून उठले, माझं ओझं दुसरीच्या गुडघ्यांवर दिलं, आणि ते त्यानं घेतलं. एवढं मला पुरतं.

काळीज आता पुरतं सावरलंय असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मी त्यांना एकच विचारलं, आता पडू का? त्या म्हणाल्या, खुशाल पडा. मी औंढ्याला गेले. गौरा तोवर फ्रॉक सावरत पळायला लागली होती. नंदीसमोर आडवी झाले, गाल दगडाला लावला आणि वाट बघत राहिले. श्वास येत होता, जात होता. काही मागावं असं सुचलंच नाही.

"ऊठ की गं," मागून आत्याबाई म्हणाल्या, "झोपलीस काय?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "जमून राहिलं."