साडूंचा बंदुकांचा हिवाळा

शिकारीच्या रायफलींवर माझ्या साडूंइतका जीव टाकणारा आणि प्रत्यक्ष शिकारीला त्यांच्याइतका निरुपयोगी माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरा सापडणार नाही. उत्तर गोलार्धाची हमी मी देत नाही, पण तिथेही शोधायला बराच वेळ लागेल. माणूस मूळचा कोथरूडचा, शुद्ध शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय वाढदिवसाचं गाणंसुद्धा म्हणत नाही. न्हाणीघरात कोळी दिसला तर त्याला पेल्याखाली घेऊन, खाली जाड कागद सरकवून, बागेतल्या लिंबाच्या झाडापर्यंत पोचवून येतो आणि वर त्याला 'सांभाळून रे' म्हणतो. दिवसा हे गृहस्थ न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या एका संस्थेत दुधाची भुकटी करण्याच्या यंत्रांचे आराखडे काढायचे. पण मे महिना संपत आला, सकाळी लॉनवर पांढरं दहिवर चरचरू लागलं, की त्यांच्या अंगात येई. लोकरीचा चौकटीचा शर्ट, त्यावर ताईने विणलेली कानटोपी, पायांत मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा वेशात ते गॅरेजमध्ये शिरत, ते थेट सप्टेंबरात चेरी फुलल्यावर माणसांत येत. गाडी बिचारी बाहेर दवात भिजायची.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आधी साडूंचा नाद नुसत्या लाकडाचा होता, तोवर तिची तक्रार नव्हती. पाट झाले, पोळपाट झाले, देव्हारा झाला. मग ऑफिसातल्या कुणीतरी आजोबांच्या रायफलीचा फुटलेला लाकडी दस्ता 'जमलं तर बघ' म्हणून आणून दिला आणि घर फिरलं. त्या अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा पाहून साडू इतके हरखले की, लाकडाच्या पुढे जी लोखंडी नळी असते तीही आपल्याला हाताळता आली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी परवाना हवा. परवान्यासाठी पोलीस खात्याचा माणूस घरी येतो आणि बायकोला वेगळं बसवून प्रश्न विचारतो. आला. उंच, अतिशय सभ्य गृहस्थ. मी आणि माझी बायको स्वयंपाकघरात दार लावून बसलो होतो, पण न्यूझीलंडची दारं पातळ असतात.

"तुमचे पती चिडले की काय करतात?" त्याने विचारलं.

"गॅरेजमध्ये जातात," ताई म्हणाली.

"आणि आनंदात असले की?"

"गॅरेजमध्येच जातात."

"त्यांनी कधी कुणाला धमकी दिली आहे?"

"दर आठवड्याला देतात. पुण्याला परत जाईन म्हणून."

"मग तुम्ही काय करता?"

"मी म्हणते, जा. जात नाहीत."

आत माझ्या बायकोने तोंडात पदर कोंबला. पदर नव्हता म्हणून माझा मफलर कोंबला. त्या गृहस्थाने चहा घेतला, चकल्या खाल्ल्या, गॅरेजमधली भिंतीला बोल्टने आवळलेली पोलादी तिजोरी हलवून पाहिली, ती हलेना म्हणून स्वतःच हलला आणि 'स्वीट ॲज', म्हणजे सगळं झकास, म्हणून निघून गेला. यथावकाश परवाना आला. साडूंनी तो देवापुढे ठेवला.

परवान्याच्या आधी सुरक्षिततेचा एक वर्ग करावा लागतो. त्यातला पहिला नियम असा की प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं. बाकीची मंडळी हा नियम बंदुकीपुरता पाळतात. साडूंनी तो विश्वाला लावला. छत्री हातात घेतली की टोक जमिनीकडे. थर्मास आधी उघडून, आत डोळा आणि बोट घालून रिकामा आहे याची खात्री करायची, मग दुसऱ्याला तीच खात्री करायला लावायची. प्रेशर कुकरच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, शिट्टीच्या रेषेबाहेर राहायचं. त्यांची लेक तिथेच जन्मलेली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीत. एकदा ती केळं हलवत हलवत माझ्याशी बोलत होती, तर हे ओरडले, "टोक माणसाकडे करू नकोस!"

"बाबा, इट्स अ बनाना!"

"ते तुला माहीत आहे. बनानाला माहीत आहे का?"

तिने ते केळं तिथल्या तिथे सोलून खाऊन टाकलं.

घराची जी काही नासधूस झाली ती मात्र प्रेमापोटी झाली. रायफलीच्या दस्त्यावर पोचा आला असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवायची. वाफेने लाकूड फुगतं आणि पोचा वर येतो. पोचा आला वर. मग त्याच इस्त्रीने ताईने दिवाळीची पैठणी इस्त्री केली आणि पदरावरच्या मोरांच्या अंगावर एकेक तेलकट बदामी शाल चढली. लाकडाला चमक यावी म्हणून साडू जवसाच्या तेलाचे हात देत. एक हात, मग वाळवणं, मग घासणं, मग पुन्हा हात. संबंध हिवाळाभर त्या घराला जवसाच्या चटणीच्या कारखान्यासारखा वास असे आणि पाहुणे आत पाऊल टाकताच उगीच भाकरीची आशा करत. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साफ करायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा लागतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. विकतचा मिळत होता, पण घरात मिक्सर असताना विकतचा आणणारा माणूस कोथरूडचा नव्हे. त्या आठवड्यात आम्ही जेवायला गेलो आणि लसणीच्या चटणीत माझ्या दाताखाली काहीतरी करकरलं. मी साडूंकडे पाहिलं. ते उत्सुकतेने पुढे झुकून म्हणाले, "एकसारखं दळलं गेलंय ना? मोठे कण नाहीत ना लागत?"

या पुंगळ्या वेचायला ते नेमबाजीच्या मैदानावर जायचे. इतर लोक गोळ्या झाडायला जातात, हे प्राजक्ताची फुलं वेचावीत तशा वाकून पुंगळ्या वेचायचे. घरी आणून चिंच-मिठाने घासायचे. देवघरातली ताम्हण-पळी काळी ठिक्कर पडलेली आणि गॅरेजमध्ये पुंगळ्या सोन्यासारख्या लखलखताहेत, हे पाहून ताईने एकदा त्या पुंगळ्यांनाच हळदकुंकू वाहिलं. रिकामी पुंगळी तपासून, तिच्यात बंदुकीची दारू मोजून घालून पुन्हा काडतूस भरणं हा त्यांचा सर्वांत एकाग्रतेचा उद्योग. सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा त्यांनी पुण्याहून आणला होता. तो मांडला की घरात हीटरचा पंखा नाही, बोलणं नाही, शिंकायचं असेल तर बागेत जायचं. अशाच एका संध्याकाळी त्यांच्या आईचा पुण्याहून फोन आला. साडू घाईघाईने म्हणाले, "आई, आत्ता दारू मोजतोय, नंतर करतो," आणि फोन ठेवला. पुढच्याच क्षणी माझा फोन वाजला.

"अहो, तुम्ही जवळ राहता म्हणून विचारते," साडूंच्या आई, आमच्या काकू, म्हणाल्या. "हा मोजून घ्यायला लागलाय, इतकं वाढलंय का?"

"घेत नाहीत हो काकू. भरतात."

"म्हणजे दुसऱ्यांना पाजतो?"

"तसं नाही. ती प्यायची दारू नव्हे. ती उडवायची असते."

"पैसे उडवतो ते वेगळेच का?" म्हणून काकू रडायलाच लागल्या. मी बंदुकीची दारू म्हणून खुलासा केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा पीत असता तर बरं झालं असतं."

अशा या हिवाळ्यांतला एक हिवाळा मला विशेष आठवतो. डोंगरापलीकडे मेंढ्या पाळणारा एक म्हातारा गोरा शेतकरी कुणाकडून तरी नाव ऐकून आला. सत्तरी ओलांडलेला, बोलणं मोजकं, गमबूट दारात काढून ठेवण्याइतका शिस्तीचा. त्याने पोत्यात गुंडाळलेली एक रायफल टेबलावर ठेवली. त्याच्या वडिलांची. लोकर कातरायच्या शेडमध्ये फळीमागे पडून राहिली होती. गंजाने लाल, दस्ता मधोमध तडकलेला, आत कोळ्याचं घर. गावातल्या बंदूकवाल्याने सांगितलं होतं, यात काही राम नाही, भिंतीवर टांगून ठेव.

"भिंतीवर हार घातलेले फोटो टांगतात," साडू मला मराठीत म्हणाले, आणि त्याला इंग्रजीत म्हणाले, "लीव्ह इट विथ मी, मेट." आधी कोळ्याला लिंबाच्या झाडावर पोचवण्यात आलं.

मग तो हिवाळा त्या रायफलीचा झाला. साडूंनी गंज इतक्या हळुवारपणे उतरवला की लेक म्हणाली, "ही नेव्हर कोम्ब्ड माय हेअर लाइक दॅट." नळीला निळसर काळा रंग चढवण्यासाठी ती उकळत्या पाण्यात ठेवावी लागते, आणि एवढं लांब पातेलं कुणाच्याच घरी नसतं. म्हणून झाडं लावायचा लांबोडा पत्र्याचा ट्रे कॅम्पिंगच्या शेगड्यांवर मांडून, कडाक्याच्या थंडीत अंगणात त्यांनी नळी उकळली. कुंपणावरून शेजारीण डोकावली आणि रात्रीच्या जेवणाला काय आहे म्हणून तिने विचारलं. "सूप," साडू म्हणाले. ती बरेच दिवस ताईकडे करुणेने पाहत होती. दस्ता जोडला, बसवला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. ते काम सोपं नव्हतं. बाहेरून कितीही चकचकीत झाली तरी इतकी जुनी नळी आतून टिकेल की नाही ही धाकधूक होती. खऱ्या बंदूकवाल्याकडून तपासून घेतली, तो बरी आहे म्हणाला, तरी साडूंची झोप उडाली. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचे, "म्हाताऱ्याच्या तोंडाशी फुटली तर हो?"

शेवटी ऑगस्टातल्या एका निरभ्र सकाळी आम्ही दोघं त्याच्या शेतावर निघालो. घळीतला रस्ता दरड कोसळून बंद, म्हणून पवनचक्क्यांच्या डोंगरावरून. एरवी गाडीत अखंड बोलणारे साडू काचेबाहेर बघत होते. म्हातारा फाटकाशी उभाच होता, सोबत त्याचा मेंढ्या हाकणारा कुत्रा. त्याने हात पुढे केला, पण साडू म्हणाले, "आधी तुम्ही नाही. मी रांधलंय, मी चाखणार." त्यांची चाखायची पद्धत अशी की रायफल एका जुन्या टायरला घट्ट बांधायची, तोंड मातीच्या उंच उताराकडे, चापाला लांब दोरी, आणि आपण पाण्याच्या टाकीमागे. आधी रिकाम्या रायफलीवर रंगीत तालीम. दोरी ताणली रे ताणली की तिचं टोक तोंडात धरून कुत्रा धूम पळायचा आणि म्हातारा त्याला ज्या शिव्या द्यायचा त्या ऐकून मेंढ्यासुद्धा माना वळवायच्या. अखेर कुत्र्याला गाडीत कोंडलं. साडूंनी काडतूस भरलं, टाकीमागे धावत आले आणि उत्साहाच्या भरात अस्सल मराठीत ओरडले, "सगळे मागे व्हा!" म्हातारा निमूट मागे झाला. साडूंनी डोळे मिटले, गणपतीचं नाव घेतलं आणि दोरी ओढली.

आवाज डोंगरावर आपटून परत आला. साडू उठून धावले, पुंगळी काढून उन्हात धरून उलटसुलट पाहिली, नळीतून आभाळ पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "बाळबाळंतीण सुखरूप!"

मग टायर सोडला. म्हातारा पोत्यावर आडवा झाला. समोर बांधाजवळ बीन्सचा रिकामा डबा ठेवला होता. पहिली गोळी मातीत गेली. दुसरीही. तिसरीला डबा टणकन उडाला आणि मी टाळ्या वाजवल्या. म्हातारा उठला नाही. तसाच पडून राहिला, गाल दस्त्याला टेकवून. मग हळूच म्हणाला, "डॅड इथेच पडायचे. मी मागे उभा. मोठा झालास की देईन म्हणायचे. ते गेले तेव्हा मी लहानच होतो. आज पहिल्यांदा उडवली."

साडू गवतात पुंगळ्या शोधायला लागले. पुंगळ्या त्यांच्या पायाशीच पडल्या होत्या.

नंतर म्हाताऱ्याने चहा केला आणि वडिलांबद्दल सांगत राहिला. परतताना पवनचक्क्यांपाशी आल्यावर मी विचारलं, "अहो, तुम्ही मुंगी मारत नाही. मग हे सगळं कशासाठी?"

त्यांनी खिशातली एक पुंगळी काढून शर्टाच्या बाहीने पुसली. मग म्हणाले, "इथे आपलं जुनं असं काहीच नाही हो. घर नवं, गाडी नवी, ओळखी नव्या. कुणाचा आजा आपल्याला माहीत नाही, आपला कुणाला माहीत नाही. म्हणून दुसऱ्यांचं पुसत बसतो. पुसता पुसता थोडं आपल्या हाताला लागतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते लगेच म्हणाले, "पुढे बघून चालवा."

पुढच्याच वर्षी त्यांना ऑकलंडला नोकरी मिळाली. तिथे हिल्सबरोला घर घेतलं, गॅरेज लहान, शेजाऱ्याला लागून. ज्याची त्याची रायफल ज्याच्या त्याच्याकडे पोचती झाली. ताईला आता इस्त्रीची भीती वाटत नाही, आणि माझी बायको म्हणते की त्यामुळेच ताईला करमत नाही. आमच्याकडे जूनमध्ये दहिवर पडायला लागलं, की सकाळी लॉनवर पाय टाकताच चरचर वाजतं आणि मी आत येऊन साडूंना फोन लावतो. थंडी कशी आहे, मी विचारतो. पलीकडून पागोळ्यांचा आवाज येत असतो.

"इथे हिवाळाच पडत नाही हो," साडू म्हणतात. "नुसता पाऊस पडतो."