पाठ केलेला जबाब

वैजयंती मॅडमना लोक 'डोक्याची डॉक्टर' म्हणतात. त्या चिडत नाहीत, चिडते मी. मी चारुलता. पाच वर्षं झाली, दिघ्याहून रोज सीवूड्सला त्यांच्या क्लिनिकमध्ये येते. फोन घेते, फॉर्म भरते, रेकॉर्डिंग ऐकून टाईप करते.

मॅडम एक्कावन्न वर्षांच्या, मूळच्या साताऱ्याच्या. या वयात पीएचडी कशाला, असं सासरचे अजून विचारतात. न्हावा शेव्याकडच्या कंटेनर यार्डांत ज्यांनी अपघात डोळ्यांनी बघितले, त्या माणसांवर त्यांचा अभ्यास. उपचार ऐकायला सोपा आहे. जे घडलं ते माणसाने दर आठवड्याला पहिल्यापासून सांगायचं. सांगून सांगून त्यातली भीती बोथट होते. बारा बैठका, दर वेळी प्रश्नावलीचे गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त, आणि रेकॉर्डिंग नसेल तर विद्यापीठाची कमिटी ती बैठक धरत नाही. तीस माणसं पूर्ण व्हायला हवी होती. तिसावा होता गोवर्धन.

गोवर्धन उरणकडचा. क्रेन मागे येताना शिट्टी मारून माणसं बाजूला करायची, हे त्याचं यार्डातलं काम. आमच्याकडे यायच्या दोन वर्षं आधी त्याचा गाववाला, लहानपणापासूनचा दोस्त कल्पेश क्रेनखाली गेला. तेव्हापासून गोवर्धनला झोप नाही. कुकरची शिट्टी झाली तरी घाम फुटायचा, म्हणून बायको भात टोपात शिजवायला लागली. कल्पेशच्या आईच्या, धोंडूबाईंच्या दारावरून जायला नको म्हणून हा बाबा खाडीकडून वळसा घालून घरी जायचा.

आठ बैठका झाल्या, गुण जसेच्या तसे. मॅडमचे गाईड म्हणाले, काहींना नाही लागू पडत, पुढे चला. माझं मात्र डोकं फिरलं होतं, कारण टाईप मी करत होते! शेवटी फाईल टेबलावर आपटली. "मॅडम, हा माणूस मला येडी समजतो का? आठही वेळा तेच शब्द, तोच क्रम. आणि जिगरी दोस्ताला कोणी 'सदर इसम' म्हणतं का हो?"

मॅडमनी पानं शेजारी शेजारी मांडली. 'सदर इसम शिट्टी ऐकूनही बाजूला झाला नाही.' आठ वेळा. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मीच मूर्ख! हा त्याचा चौकशीतला जबाब आहे."

त्या यार्डात अपघात झाला की साहेब सगळ्यांना समोर बसवून एकच जबाब घोटून घ्यायचे, शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. मॅडमनी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, "घडलं ते पहिल्यापासून सांगा." बिचाऱ्याला वाटलं, इथेही तोच द्यायचा.

नवव्या बैठकीला मॅडमनी एवढंच विचारलं, "कल्पेशला तुम्ही काय हाक मारायचात?"

रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज येतो, "कल्प्या." आणि लगेच, "मॅडम, यो मशीन कोन ऐकतो?"

मी असते तर 'कोणी नाही हो' म्हणून मोकळी झाले असते. मॅडम म्हणाल्या, "मी, चारुलता, माझे गाईड आणि कमिटीतले दोघं." खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. तो उठला होता. मग टक्. मॅडमनी मशीन बंद केलं.

पुढचं मला गोवर्धननेच सांगितलं. आता त्याने यार्ड सोडलंय, भावाचा टेम्पो चालवतो. म्हणाला, सांगा ताई कुनालाबी. त्या दिवशी तो मॅडमना म्हणाला होता, "मी शिट्टी मारलीच नाय. मी तथं नव्हतूच. साहेबानी मना गेटवर धाडलेला. आन सगला मी कल्प्यावर ढकलला." आणि तासभर रडला.

उरलेल्या बैठकाही बिनरेकॉर्डिंगच्या. बारावर थांबल्या नाहीत, सोळा झाल्या. मधेच एका रविवारी तो धोंडूबाईंसमोर जाऊन बसला आणि खरं काय ते सांगितलं. त्या माऊलीने त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. "बरा वाटला ताई," मला म्हणाला. गुण एकसष्टवरून अठरावर आले. एवढी उतरण तिसात कुणाचीच नव्हती.

गाईड भडकले. नवा माणूस शोधायचा म्हणजे मॅडमचं अख्खं वर्ष पाण्यात. मी भांडलेच, "आता तो बरा आहे ना? मग राहिलेल्या चार बैठका रेकॉर्ड करून घ्या की!"

"मशीन परत लावणार नाही, असा त्याला शब्द दिलाय, चारू."

इतका राग आला मला, आणि इतकं भरूनही आलं, की मी उठून चहाच टाकला.

नवा माणूस पूर्ण झाला आणि गेल्या महिन्यात मी प्रबंधाचे तक्ते टाईप करायला बसले. गोवर्धनच्या ओळीत काय लिहू, विचारलं. मॅडमनी चष्मा पुसला, रेकॉर्डिंग आहे तेवढंच धरायचं म्हणाल्या आणि सांगितलं. मी एकेक अक्षर दाबत गेले: नवव्या बैठकीनंतर अभ्यासातून बाहेर. सुधारणा आढळली नाही.