सासूबाईंना बसवून मोजलेलं चाक

गॅरेजवाल्या बाईंना सगळे ‘मोजणीबाई’ म्हणत, कारण छापील आकड्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

एक जण मोठे टायर घातलेली जीप घेऊन आला. “टायर झकास दिसतात, पण चढावर गाडीला धाप लागते. डिफरन्शियलचे गिअर बदला. चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या पाच फेऱ्या पाहिजेत. टायरवर तेहतीस इंच लिहिलंय, मी हिशेब करून आलोय.”

“लिहिणारा तुमच्या गाडीत बसतो का?” बाई खेकसल्या. मोठं चाक एका फेरीत जास्त जमीन कापतं, म्हणून इंजिन दमतं. पण किती जास्त, हे जमिनीलाच विचारायला हवं. “रोज गाडीत कोण असतं?”

“मी, आणि बाकावर बसल्यात त्या दोघी. बायको आणि सासूबाई.”

“बसा सगळे.”

बाईंनी टायरवर खडूची रेघ मारली, गाडी चाकाच्या एका फेरीपुरती पुढे घ्यायला लावली आणि टेप लावला. मग राहवेना, म्हणून सासूबाईंना उतरवून पुन्हा मोजलं.

“वजनाने टायर दबतो, चाक छापल्यापेक्षा लहान पडतं. म्हणून पाच नाही, साडेचार. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना. पाचात सपाट रस्त्यावर इंजिन नुसतं बोंबललं असतं. आणि गंमत बघा, या उतरल्या की बोटभर फरक पडतो.”

सासूबाई जीपला धरून उभ्या होत्या.

“बारा वर्षं या गाडीत मागे बसतेय,” त्या म्हणाल्या. “माझ्या असण्या-नसण्याने काही फरक पडतो, हे आज पहिल्यांदा कुणी सांगितलं.”