बाबांनी पास केलेली सीट

नवरा अमेरिकेला जाऊन सहा महिने झाले आणि त्याला मुलांच्या सुरक्षिततेचं ज्ञान प्राप्त झालं. इथे असताना हाच माणूस आमच्या दोन वर्षांच्या लेकीला स्कूटरवर पुढे उभी करून नेरुळहून वाशीला न्यायचा, आणि वर तिला हॉर्न वाजवायला द्यायचा. आता फोनवर तो मला सांगत होता की तिकडे लहान मूल गाडीत मांडीवर घेतलं तर पोलीस पकडतात. त्यासाठी वेगळी सीट मिळते, ती विमानातही लावता येते. "दोन्हीकडे चालेल अशी एकच बघ," तो म्हणाला. "फक्त तिच्यावर लाल अक्षरात लिहिलेलं पाहिजे, गाडीत आणि विमानात चालते म्हणून. तेवढं बघून घे." म्हणजे मी खाली वाण्याकडे उतरायचं आणि साबणाच्या वडीबरोबर तीही पिशवीत टाकून आणायची!

व्हिसा झाला होता, निघायला दीड महिना होता, आणि मी लेकीला घेऊन आई-बाबांकडे नेरुळला राहत होते. वाशीतली लहान मुलांच्या सामानाची सगळी दुकानं मी पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने मला पांगुळगाडा दाखवला. "चाकं आहेत ना, मग गाडीच झाली की," असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याने स्कूटरच्या पुढे लावायची सीट काढली. तिसऱ्याने जेवायची उंच खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "मॅडम, इसमें भी बेल्ट है, टेन्शन मत लो." बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर प्रश्नच मिटवला. "पोरीला बांधून ठेवायचं? ती काय चोर आहे? मांडी कशाला दिलीय देवाने?"

मी वैतागून हे सगळं घरी सांगितलं, ही माझी चूक. बाबांनी ऐकलं आणि वही काढली.

बाबांनी तुर्भ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासला. बाहेरून आलेला खिळासुद्धा त्यांच्या शिक्क्याशिवाय आत जात नसे. निवृत्त झाल्यावर तपासायला कारखाना उरला नाही म्हणून ते घर तपासायचे. दुधाची पिशवी, गॅसची नळी, आईची भाकरी. आई एकदाच म्हणाली होती, "रिजेक्ट करा आणि स्वतः थापा." तेव्हापासून भाकरी बिनतक्रार पास व्हायची.

त्यांनी तुलनात्मक तक्ता केला. पांगुळगाडा, स्कूटरची सीट, जेवायची खुर्ची, असे तीन रकाने. तिन्ही वस्तू निकामी आहेत हे मला आधीच कळलं होतं, पण ते तक्त्यात आल्याशिवाय खरं धरायचं नव्हतं. मग लेकीची मापं घेतली गेली. बसल्यावर उंची, मांडीची लांबी, खांद्याची रुंदी. लेक मापं घ्यायला उभी राहीना, तर तिला एक बिस्किट देऊन पुन्हा मोजली. शेवटी जाहीर झालं: माल बाजारात उपलब्ध नाही, सबब बनवून घेण्यात यावा.

तुर्भ्याच्या मार्केटजवळ ट्रकच्या सीटा शिवणारा एक कारागीर होता, तिथल्याच गावचा. बाबांनी त्याच्यापुढे सीटचा नकाशा पसरला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काका, पोरगी बसनार हाय का डायवर?" तरी त्याने काम मनापासून केलं. आठ दिवसांनी सीट घरी आली. लोखंडी सांगाडा, जाड फोम, वर लालभडक रेक्झिन, आणि त्यावर ट्रकमध्ये असते तशी चौकटी-चौकटींची शिवण. मागे आमच्या जुन्या गाडीला बोल्टने आवळायच्या दोन पट्ट्या होत्या. ही वस्तू हातात घेऊन अमेरिकेच्या विमानात चढायचं, या कल्पनेनेच माझ्या कानशिलांत जाळ झाला. "बाबा, मी हे नेणार नाही," मी स्पष्ट सांगितलं. "तपासणी व्हायची आहे अजून," ते म्हणाले.

तपासणी रविवारी सकाळी झाली. खाडीकडचा रस्ता तेव्हा अर्धवटच होता, सारसोळ्याच्या बाजूला तर कुत्रंही फिरकायचं नाही. बाबांनी गाडीत पुढे आवळलेल्या सीटमध्ये लेकीच्या वजनाएवढं तांदळाचं पोतं बसवलं, पट्टा आवळला आणि पोत्याच्या तोंडाशी एक नारळ सुतळीने बांधला. "हे डोकं," ते म्हणाले. मला हसू आवरेना. आई मागे बसून देवाचं नाव घेत होती, पण तेही हसतच. बाबांनी गाडी वेगात घेतली आणि करकचून ब्रेक दाबला. पोतं जागेवर राहिलं. नारळ सुटला, समोर आपटला आणि माझ्या पायाशी दोन तुकडे होऊन पडला.

"शुभच झालं," आई म्हणाली. "वड्या करीन."

बाबा हसले नाहीत. गाडी बंद करून ते त्या तुकड्यांकडे बघत बसले. आमच्या गाडीत लेक पुढच्या सलग सीटवर उभी राहायची, दोन्ही हात समोर टेकवून. रोज. भाजीला जाताना, दवाखान्यात जाताना. त्या दिवसापासून बाबांनी तिला एकदाही उभं राहू दिलं नाही. सीट परत तुर्भ्याला गेली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे कान लागले, खांद्यांवरून आणखी दोन पट्टे आले. दुसऱ्या रविवारी नारळ शाबूत राहिला. तिसऱ्या रविवारीही. आमच्याकडे महिनाभर तपासणीच्या नारळांचाच सुकाळ होता, आणि आई म्हणायची की अमेरिकेचा प्रवास पोरीपेक्षा नारळांनीच जास्त केला.

बाबांचं समाधान मात्र होत नव्हतं. गाडी त्यांची स्वतःची होती, तिचा एकेक नट त्यांना माहीत होता. विमानात ते कधी बसले नव्हते. जेवताना मध्येच विचारायचे, "ते विमान तपासतं कोण?" मी म्हणायचे, "असतात माणसं." "कोण माणसं?" तपासणारा माहीत नाही अशा वस्तूत नात ठेवायला ते तयार नव्हते, एवढं मला कळत होतं. पण व्हिसा, तिकीट, पॅकिंग आणि नवऱ्याच्या सूचना यांच्यामध्ये मी त्या काळजीचीही थट्टाच केली.

मग लाल अक्षरांचा प्रश्न आला. मी म्हटलं, "ते कंपनीचं सर्टिफिकेट असतं, बाबा. आपल्याला नाही लिहिता येणार." त्यांना माझा मुद्दाच कळेना. "तपासली कोणी?" "तुम्ही." "मग पास कोण करणार?" तीस वर्षं त्यांनी शिक्का मारला की माल पास व्हायचा. यात खोटं काय होतं? गाड्यांच्या नंबरप्लेटी करणाऱ्याकडून त्यांनी लाल रेडियममध्ये इंग्रजी ओळ कापून आणली: मोटार व विमान यांसाठी तपासून पास. त्या माणसाने खूश होऊन खाली एक फूल फुकट चिकटवलं होतं.

निघायच्या दिवशी सहारच्या विमानतळावर पोहोचलो. पोहोचवायला आलेल्यांना दारापर्यंतच सोडत. बाबांनी लेकीला कडेवर घेतलं होतं आणि ते रेलिंगपाशी आईशेजारी उभे राहिले. "आधी सीटचं विचारून ये," त्यांनी बजावलं. "मग हिला ने." मी सामानाच्या ट्रॉलीवर ती लालभडक सीट ठेवून एकटीच आत गेले. रांगेतली माणसं सीटकडे बघत होती आणि मी छताकडे.

काउंटरवर टाय लावलेला एक तरुण होता. आता हा हसणार, अशी मी तयारी केली. तो हसला नाही. त्याने सीट उलटी केली, पट्टे ओढून पाहिले, वेल्डिंगवर अंगठा दाबला. मग लाल ओळ वाचली. "मॅडम, हे सर्टिफाय कोणी केलंय?"

दीड महिना मी त्या सीटची लाज बाळगली होती. तरीही माझ्या तोंडून ठणकावून निघालं, "माझ्या वडिलांनी. पोतं ठेवून तपासलीय. नारळ लावून."

त्याने मान हलवली. कंपनीचा नंबर लागतो, म्हणाला, त्याशिवाय आत नेता येणार नाही. बेबी साध्या सीटवर बसेल. तिथला पट्टा मोठ्या माणसाच्या पोटावरचा होता, लेक त्याच्याखालून सहज घसरली असती. पण तो पट्टा नंबराचा होता. माझ्या दोन्ही बॅगा पापड-मसाल्यांनी आधीच हद्दीला पोहोचल्या होत्या, त्यामुळे ही लोखंडी वस्तू सामानात टाकायचाही प्रश्न नव्हता.

सीट उचलून दाराकडे येताना मी तीन खोटी कारणं तयार केली. बाबांना पाहिल्यावर एकही सांगता आलं नाही. दारातला हवालदार म्हणाला, "बाई, पटकन उरका." मी म्हटलं, "घेत नाहीत, बाबा."

"कारण?"

"कंपनीचा नंबर नाही."

त्यांचा चेहरा उतरला. लेक त्यांच्या चष्म्याशी खेळत होती. मग त्यांनी विचारलं, "पट्टा ओढून बघितला त्याने?"

"हो."

"उलटी करून?"

"हो. वेल्डिंगपण दाबून बघितलं."

"हसला?"

"नाही, बाबा. अजिबात नाही."

त्यांनी सीटच्या वेल्डिंगवरून स्वतः अंगठा फिरवला. मागचा हवालदार आता खाकरला. "बरोबर आहे त्या तपासणाऱ्याचं," बाबा शेवटी म्हणाले. "मीही नसती घेतली. कागदाशिवायचा माल आहे." मग माझ्याकडे बघून, स्वतःला समजावल्यासारखं हळू म्हणाले, "एका खुर्चीला इतकं बघतात. म्हणजे विमानही बघत असतील."

दीड महिना ते सीट बनवत नव्हतेच, नात कोणाच्या हवाली करायची ते शोधत होते, आणि मी हसत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती त्या लाल रेक्झिनच्या लाजेपेक्षा कितीतरी जास्त होती. "बघतात, बाबा," मी म्हटलं. "नक्की बघतात."

त्यांनी सीट माझ्याकडून घेऊन आईच्या पायाशी ठेवली. लेकीच्या हातातून चष्मा सोडवला. आणि तिला कडेवरून उतरवून रेलिंगवरून माझ्याकडे दिलं.