सामाईक भिंतीची दुसरी बाजू

अक्का, आम्ही गाव सोडलं त्या दिवशी तू वेशीपर्यंत आली होतीस. मिरजेला गाडी गाठायची म्हणून हे पुढं भराभर चालत होते आणि मी दर दहा पावलांवर मागं वळून बघत होते. अप्पा मात्र थेट स्टेशनापर्यंत आले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरी, तिथं आपली जागा करा. इथं आपली अशी कधी नव्हतीच." महारवाड्यातलं आपलं खोपट गावकीच्या मर्जीवर उभं होतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

हुबळीत ह्यांना रेल्वेच्या कारखान्यात काम लागलं. पहिली चार वर्षं आम्ही खोल्या बदलत काढल्या. जात विचारली की खोली 'आत्ताच दुसऱ्याला दिली' असायची. मग केशवापुराच्या अलीकडं, माळाच्या कडेला, एकानं जागेचे तुकडे पाडून विकायला काढले. त्या ओसाडात कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून आम्हांला एक तुकडा मिळाला. शेजारचा तुकडा नवलगुंदाकडच्या एका लिंगायत जोडप्यानं घेतला. तेही आमच्यासारखेच ओढगस्तीतले. दोघांनी मिळून एकच गवंडी लावला, दोन्ही घरं सारखीच बांधली आणि खर्च वाचावा म्हणून मधली भिंत सामाईक घातली. काळ्या दगडाची, दीड हात रुंद. सुट्टीच्या दिवशी दगड मी डोक्यावरून वाहिलेत, अक्का.

शेजारीण नीलव्वा. माझ्यापेक्षा थोडी मोठी, तोंडानं फटकळ. तिनं मला कन्नड शिकवलं. माझ्या बाळंतपणात परसातून हाका मारमारून सगळं सांगितलं. पण आठ वर्षांत तिनं आमचा उंबरा ओलांडला नव्हता, की आमच्याकडचं पाणी घेतलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खोटं कशाला सांगू, वाटायचं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. आमची सगळी आळी सरकार घेणार आणि घराची किंमत ठरवून पैसे देणार. मोजायला ओव्हरसियर आला. नीलव्वाच्या घरात त्यानं खोली न् खोली टेपानं मोजली, खांब ठोकून पाहिले. आमच्या दारासमोर आला, नाव विचारलं, आडनाव विचारलं आणि रस्त्यावरूनच वहीत काहीतरी लिहून पुढं गेला. मी सारवलेली जमीन, घासलेली भांडी, सगळं तसंच राहिलं.

महिन्याभरानं नोटीस आली. ह्यांनी ती दोनदा वाचली. आमचं घर 'मातीच्या भिंतींचं' लिहिलं होतं आणि किंमत नीलव्वाच्या घराच्या निम्म्याहून कमी. तिची नोटीस ह्यांनी मागून घेतली. त्यात तीच मधली भिंत 'पक्की, दगडी' होती. एकच भिंत, अक्का. तिच्या बाजूनं दगड आणि आमच्या बाजूनं माती.

तेवढ्या पैशात दुसरं घर उभं राहणं शक्य नव्हतं. पुन्हा खोल्या शोधत फिरायचं, पुन्हा जात सांगायची. मी दोन दिवस जेवले नाही. ह्यांनी अर्ज लिहिला. त्यात गाऱ्हाणं नव्हतं, एकच प्रश्न होता: ही भिंत माझ्या बाजूनं मातीची कशी झाली?

धारवाडहून मोठे साहेब फेरमोजणीला येणार असं कळलं, तेव्हा नीलव्वा परसात आली. "चिंती माडब्याड," म्हणाली, काळजी करू नकोस. "त्या दिवशी तुम्ही दोघं पोरांना घेऊन कुठंतरी जावा. मी तुझ्या घरात बसते. घर माझ्या दिराचं म्हणून सांगते. बघू कशी मातीची लिहितात."

मला ते पटलं होतं. खरंच सांगते, मी हो म्हणणार होते. पण हे म्हणाले, "नीलव्वा, तुमचे उपकार आहेत. पण घर मी बांधलंय, ते माझ्याच नावानं मोजू दे. तुम्ही फक्त तिथं असा." रात्रभर मी त्यांच्याशी बोलले नाही. नाव मोठं की पोरांच्या डोक्यावरचं छप्पर, असं मला झालं होतं.

साहेब आले. बरोबर तोच ओव्हरसियर. तो रस्त्यावरूनच म्हणाला, "साहेब, आत जायची गरज नाही. ह्यांची घरं कशी असतात ते ठाऊक आहे." सगळी आळी दारादारांत उभी होती. साहेब घुटमळले. तेवढ्यात नीलव्वा आपल्या दारातून निघाली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आमच्या घरात शिरली. पाटावर बसली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तारव्वा, नीर कोडवा."

पाणी मागत होती. मी तांब्या भरून तिच्या हातात दिला. तिनं तांब्या तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला, मग दाराकडं वळून म्हणाली, "साहेब, आत या. माझ्या भिंतीची दुसरी बाजू बघायची राहिलीय तुमची."

साहेब आत आले. त्यांनी काठीनं भिंत ठोकली, मग ओव्हरसियरला टेप धरायला लावला. पाणी त्यांनी मागितलं नाही, माफीही कुणी मागितली नाही. पण कागदावर आमची भिंत दगडाची झाली आणि घराची किंमत नीलव्वाच्या घराइतकीच आली.

आळीच्या टोकाला आपल्यातली आणखी दोन घरं होती. एकाचा अर्ज ह्यांनी लिहून दिला, त्याला थोडं वाढवून मिळालं. दुसऱ्यानं आधीच नोटिशीतल्या किमतीवर अंगठा उठवला होता. तो हुबळी सोडून गेला. त्याची आठवण आली की आमच्या आनंदाला अजून टोचणी लागते.

नीलव्वाला त्या तांब्याची किंमत द्यावी लागली. तिच्या माहेरच्यांनी भावाच्या लग्नाला तिला बोलावलं नाही. मी रडत तिच्याकडं गेले, तर म्हणाली, "त्यात काय? तहान लागली होती." त्यानंतर तिनं मलाही आपल्या चुलीपाशी बसवलं.

आता त्या पैशांत बांधलेली आमची नवी घरं लांब लांब आहेत, मधे अख्खी पेठ पडते. गावाची आठवण येत नाही असं नाही. तुमची सगळ्यांची येते. गावकीची येत नाही. अप्पा हे घर बघायला हवे होते.

परवा धाकटीला शाळेत घालायला घेऊन गेले. बाईंनी पुस्तकात लिहिता लिहिता विचारलं, "मूळ गाव?" मी मिरजेकडच्या आपल्या गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोरगी ठसक्यात म्हणाली, "हुबळी." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. क्षणभर मला आपली वेस आठवली, अक्का. पण मी म्हटलं, "हो बाई, हुबळीच लिहा."