कारण सांग, मंग नाव काप

देवराव काकांचं नाव आधी लिहितो, कारण आज माझ्या नावापुढे जी पदवी लागते तिच्यामागे त्यांचं घर उभं आहे. खाप्याहून नागपूरला शिकायला आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही. बाबांची आणि काकांची जुनी ओळख, एवढ्याच आधारावर त्यांनी नंदनवन वस्तीतल्या घराची मागची खोली मला दिली. पदवी हातात येईपर्यंत मी तिथे राहिलो. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. काका गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी गोंदियाला, ऑफिसात होतो. "तुहे काका गेले रे... सकाळी चहा मागितला, मी कप ठेवून वळली, त..." आणि मला रडू आलं नाही. डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा, की काका सुधाकरभाऊंकडे जाऊन आले होते की नाही? अशा वेळी असा प्रश्न का यावा, हे दीड महिन्यानंतरही मला कळलेलं नाही.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला होते. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरले की घरी जायच्या आधी चहाच्या टपरीवर थांबायचे. तिथे आमच्या वस्तीच्या क्रिकेट टीमचे चाहते जमत. खेळणारे अकरा, पण त्यांच्याबद्दल बोलणारे त्याहून पुष्कळ. टीम बहुतेक वेळा हरायची. हरणाऱ्या टीमवर माणसं जास्त बोलतात, हेही मी तिथेच पाहिलं. शनिवारी संध्याकाळी रविवारच्या मॅचची बॅटिंग ऑर्डर टपरीवर ठरायची आणि कॅप्टन बिचारा ती मान्य करायचा, कारण बॉल आणि स्टंप या मंडळींनीच घेऊन दिलेले होते. वादाचा विषय वर्षानुवर्षं एकच, सुधाकरभाऊ. ते सलामीला यायचे. काकांच्याच कारखान्यात होते, काकांपेक्षा बरेच लहान, तरी पंचेचाळिशीला आलेले. ऐन भरात असताना त्यांनी टीमला पुष्कळ मॅचेस जिंकून दिल्या होत्या. आता उजवा गुडघा वाकत नव्हता. एस.टी.तून निवृत्त झालेले नामदेवराव दर शनिवारी म्हणायचे, "त्याच्या गुडघ्याले पेन्शन द्या न बे आता! एक रन काढाले तो उमरेडले जाऊन येते." सगळे हसायचे. काका हसायचे नाहीत. "कारण सांग, मंग नाव काप," एवढंच म्हणायचे.

हा त्यांचा नियम होता आणि त्याला एक दुसरा भागही होता. ज्यानं नाव कापलं, त्यानं स्वतः त्या खेळाडूच्या घरी जाऊन तोंडावर सांगायचं. सांगितलं नाही, तर नाव कापलं गेलं नाही. या दुसऱ्या भागामुळे आमच्या टीममधून कोणी जातच नसे. मी खाप्याचा, चार माणसांत तोंड न उघडणारा. कॉलेजात सरांनी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. काका मला मुद्दाम टपरीवर न्यायचे आणि मध्येच विचारायचे, "तुले काय वाटते गा?" पहिल्यांदा बोललो तेव्हा नेमकं हेच बोललो, की सुधाकरभाऊंना काढा, त्यांच्यामुळे दुसऱ्या बाजूचा बॅट्समन रन आउट होतो. नामदेवरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "कारण बराबर आहे," काका म्हणाले. "चाल."

त्यांनी मला स्कूटरवर बसवून थेट सुधाकरभाऊंच्या घरी नेलं. वहिनींनी तर्री-पोहे आणले. सुधाकरभाऊ मला म्हणाले, "खाप्याचा न तू? माही मावशी राह्यते तिथं." मग मावशीबद्दल बोलणं निघालं, कन्हान नदीच्या पुराबद्दल निघालं. मी पोहे खाल्ले, आणखी घेतले, चहा घेतला. काका भिंतीकडे बघत बसले होते. परत येताना मी म्हणालो, "काका, जमलं नाही." ते पुढे बघत म्हणाले, "म्हंजे राहिला तो टीममध्ये." दुसऱ्या दिवशी सुधाकरभाऊ शून्यावर आउट झाले. काकांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. पण पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं, "तुले काय वाटते गा?" अशा किती शनिवारांनी मला बोलतं केलं, ते मी सांगू शकत नाही. नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या साहेबांनी एक उत्तर खोडून काढलं, तेव्हा मी न घाबरता कारण सांगितलं. ती नोकरी मला लागली.

मी नोकरीसाठी गोंदियाला गेल्यावर काकांनी अट घातली, की महिन्यातून एकदा माझी टीम पत्रानं पाठवायची. फोन चालणार नाही. "फोनवर माणूस नाव गिळते. लिहिताना एकाखाली एक लिहा लागते." मी अकरा नावं आणि प्रत्येकापुढे कारण लिहून पाठवायचो. काकांना मोतीबिंदू झाल्यावर काकू ती पत्रं वाचून दाखवायला लागल्या आणि हळूहळू त्यांचीही मतं तयार झाली. या वर्षांत मीही बदललो. सुधाकरभाऊ क्रीजवर असले की नवी पोरं घाबरत नाहीत, हे मला सुट्टीत येऊन मॅच बघताना दिसायला लागलं होतं. माझ्या यादीत ते सलामीला असायचे, कारणासकट.

मग तो शेवटचा शनिवार. मी नागपूरला आलो होतो. काका निवृत्त होऊन वर्ष व्हायचं होतं. टीम लागोपाठ हरत होती. नामदेवरावांनी नेहमीचा सूर लावला, मी नेहमीसारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि काका म्हणाले, "सुधाकरले काढा."

नामदेवरावांचा चहा बशीतच राहिला. "देवराव, तब्येत बरी आहे न?"

मी विचारलं, "काका, कारण?"

"कारण काही नाही. काढा. मी सांगतो त्याले या हप्त्यात."

ज्या माणसानं मला कारण द्यायला शिकवलं, तो कारण न देता उठून गेला. घरी मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "जेव आता." त्याच आठवड्यात ते गेले.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी सुधाकरभाऊ लंगडत सतरंज्या उचलत होते. लोक गेल्यावर त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. "देवराव आला होता माह्याकडे, गेला त्याच्या आदल्या दिवशी."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. चहा घेतला. माहा गुडघा दाबून पाह्यला, डॉक्टरवाणी. मंग निघतो म्हणे. फाटकापर्यंत गेला न वापस आला. म्हटलं, काय राह्यलं? त म्हणे, चष्मा राह्यला. चष्मा त डोळ्यावरच होता त्याच्या... काहून आला होता गा तो? तुले माहीत आहे का?"

मला माहीत होतं. मी म्हणालो, "सहज आले असतील."

तेव्हापासून माझ्या डोक्यात गोंधळ आहे. काकांनी नाव कापलं होतं, पण सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांच्याच नियमानं ते कापलं गेलं नाही. टपरीवर नामदेवराव, जे आयुष्यभर काढा काढा म्हणत होते, तेच आता म्हणाले, "राहू द्या त्याले." बाकीचे म्हणाले, देवरावचा शेवटचा शब्द पाळा. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांना तसं का वाटलं असेल? स्वतः निवृत्त झाल्यावर त्यांना काही दिसलं होतं? गुडघ्याची काळजी होती? की नुसतं हरण्याला कंटाळले होते? प्रत्येक कारण खरं वाटतं आणि कोणतंच काकांचं वाटत नाही.

परवा काकूंकडे गेलो. खिडकीत काकांचा चष्मा तसाच ठेवलेला आहे. काकू म्हणाल्या, "या महिन्यात तुहं पत्र नाही आलं. पाठवत जाय. त्याइच्याच नावानं टाक, मी वाचीन." म्हणून कालच हे पत्र टाकलं.

"आदरणीय काकांस, साष्टांग नमस्कार. मी सुधाकरभाऊंकडे जाऊन आलो. या वेळी पोहे येण्याआधीच बोललो. तुम्ही जे सांगायला गेला होता, ते मी सांगितलं. ते गुडघा चोळायला लागले. मग म्हणाले, 'देवरावनं सांगतलं असतं त आयकलं असतं. तो चहा पिऊन गेला. तू सांगून राहिला, तुहं काहून आयकू?' रविवारी ते किट घेऊन मैदानावर आले, लवकर आले. तुमचा नियम कुठे लागतो ते मला समजत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही. माझी टीम खाली लिहितो. सलामीला सुधाकरभाऊ. दहा जणांपुढे कारण लिहिलं आहे. त्यांच्यापुढची जागा रिकामी ठेवली आहे. तुमचा आज्ञाधारक."