रिकाम्या आभाळातलं इंजिन

मल्लिनाथ गेल्याची बातमी आली तेव्हा मी सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पॉपलीन मोजून देत होतो. कुंभारीच्या रस्त्यावर तो सायकलवरून चालला होता, मागून ट्रक आला, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, असं निरोप आणणारा म्हणाला. मी अडीच मीटर मोजलं, फाडलं, घडी घातली आणि मगच खाली बसलो. त्याला सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, बिचाऱ्याला ऐकू आलं नाही. त्याला ऐकू येत नाही हे पेठेत सगळ्यांत आधी मला कळलं होतं, आणि त्या माहितीचं मी काय केलं ते आज लिहितो आहे.

शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी वडिलांच्या गादीवर बसलो आणि तो मुंबईला विमानांची इंजिनं दुरुस्त करायला गेला. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तो कायमचा परत आला, कारण कान कामातून गेले होते. येताना आणलं काय, तर एक बाद झालेलं पातं. मोठ्या जेट इंजिनाच्या तोंडाशी पंखा दिसतो, त्यातलं. हातभर लांब, पिळदार, मधोमध दोन्ही अंगांना छोटी दांडी. टायटॅनियमचा गोळा लाल होईतो तापवायचा, साच्यात ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पीळ द्यायचा, मग केसाइतकाही फरक उरणार नाही असा घासायचा... सांगताना त्याला चहाची शुद्ध राहत नसे. मधली दांडी शेजारच्या पात्याला टेकते, म्हणून वाऱ्याच्या माऱ्यात एकटं कुणी थरथरत नाही. बुडाशी मात्र सैल बसवायचं, फिरायला लागलं की आपोआप घट्ट होतं. "उभ्या इमानात वारं शिरलं की पाती टकटक वाजत्यात, वसंता. म्हातारीच्या दातागत." जुन्या जेटचा आवाज कापड फाडल्यासारखा आणि नव्या पंख्याच्या इंजिनाचा घुमणारा, हेही त्यानंच मला शिकवलं. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा, त्यामुळे काही दिवस कुणाला पत्ता लागला नाही. मग एकदा त्याच्या पाठीमागे फळीवरून कापडाचा तागा धाडकन पडला, आणि हा बशीतला चहा फुंकत राहिला.

खेळ मी काढला. तो माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा असला की आम्ही चार-पाच दुकानदार एकदम वर बघायचो. वर काही नसायचं. तोही मान वर करी. मी तोंड त्याच्याकडे वळवून विचारी, कुठलं गेलं रे? तो डोळे बारीक करून म्हणे, "चार इंजिनांचं. पुढं पंखा असलेलं. ढगाआड गेलं बघ." मे महिन्यात सोलापुरात ढग! मग पात्यांवर पाव तासाचं व्याख्यान. त्याची पाठ वळली की आम्ही हसायचो. तो लांब जाईपर्यंत थांबावंही लागत नसे.

पदरात दोन मुली आणि हाताला काम नाही. अशात एका तांत्रिक शाळेत शिक्षकाची जागा निघाली. पोरांना दाखवायला म्हणून त्यानं पातं घासून लख्ख केलं आणि मला शब्द टाकायला सांगितलं. त्या शाळेच्या गणवेशाचं कापड आमच्याकडूनच जायचं. हेडमास्तर दुकानात आले, माणूस कसा आहे म्हणाले. मला खरंच चांगलं बोलायचं होतं. पण दुकान भरलेलं होतं आणि माझ्या जिभेला हाड नाही. "हुशार आहे," मी म्हणालो. "आभाळात काही नसलं तरी इंजिन ओळखतो." सगळे हसले. हेडमास्तरांनी खोदून विचारलं, मी नकलेसकट सांगितलं. यंत्रांजवळ बहिरा माणूस नको, असं म्हणून ते उठले. मल्लिनाथला कळवलं गेलं की जागा भरली. "माझं वय आडवं आलं असंल," असं तो मला म्हणाला, आणि मी त्याला चहा पाजला. पुढे तो यंत्रमागाच्या कारखान्यात, त्या खडखडाटात, तेल घालायला लागला. तिथं काय, सगळेच बहिरे, असं मी म्हणालो. ओठ वाचून तोही हसला.

भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको, गंगव्वा, रडली नाही. टॉवेलात गुंडाळलेलं पातं तिनं माझ्यापुढे ठेवलं.

"तुमास्नी द्या म्हनले हुते. आन वर इमान नसायचं ते त्यांस्नी दिसत हुतं की, भावजी. कान गेलं हुतं, डोळं न्हाय."

मग सांगायचा कशाला, मी विचारलं.

"म्हनायचे, तेवढ्यासाटी तरी इचारत्यात." मग ती म्हणाली, "साळंत ते तवाच परत गेलते. जागा कशापायी गेली, कुनी काय सांगितलं, समदं हेडमास्तरांनी सांगितलं... च्या ठेवू का?"

म्हणजे त्यानंतरही तो दोन वर्षं रोज माझ्या दुकानासमोर उभा राहून वर बघत होता. मी चहा न घेता उठलो. मला तिच्यापुढे लाज वाटली, तिची भीतीही वाटली.

पातं आता गल्ल्याशेजारी आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय हो? मी सांगतो, गोळा तापवण्यापासून मधल्या दांडीपर्यंत सगळं. लोक एकमेकांकडे बघतात. ती नजर माझ्या ओळखीची आहे. परवा दुपारी समोरच्या दुकानदारानं वर बोट केलं. "वसंतशेठ, सांगा की, कुठलं गेलं?"

आभाळ कोरडं ठणठणीत होतं. मी बराच वेळ वर बघितलं.

"चार इंजिनांचं," मी म्हणालो. "पुढं पंखा असलेलं."

मग दुकानाकडे वळलो. माझे कान शाबूत आहेत. मागचं हसू मला नीट ऐकू आलं.